देवकाबाईंची अंबाडीची भाजी

तलमडुगु गावात देवकाबाईंच्या हातच्या अंबाडीच्या भाजीची चव दुसऱ्या कोणालाच साधली नव्हती. यंदा त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी सुनेला, मयूरीला, जवळ बसवून गुपित सांगितलं.

"भाजी शिजली का झाकण ठेवायचं, बाहेर यायचं अन् दार लोटायचं. आतून झाकण वाजलं का मंगच आत जायचं."

"पण भाजीत टाकते काय? अन् टाकते कोण?"

"मी कवा पाह्यलं नाही. माह्या सासूनंबी नाही पाह्यलं. तूबी पाहू नको."

मयूरीने दोनदा तसंच केलं. दोन्ही वेळा रिकाम्या स्वयंपाकघरात झाकण खणकन वाजलं आणि भाजीला हुबेहूब तीच चव आली. तिच्या घशाखाली मात्र घास उतरेना. आपली लेकरं नेमकं काय खातात, हे तिला कळायलाच हवं होतं.

रविवारी भर दुपारी तिने झाकण ठेवलं, दार लोटलं, पण बाहेर गेली नाही. ज्वारीच्या पोत्यांआड श्वास रोखून बसली. भाजी निवत आली, तरी झाकण जागचं हललं नाही.

मग अंगणातून बोलणं ऐकू आलं.

"आत्याबाई, वाजलं का वो झाकण?"

तो आवाज मयूरीचा स्वतःचा होता.

"वाजलं," सासूबाई सहज म्हणाल्या. "जा बाई आता आत."

पावलं ओसरी चढून दाराशी आली. मयूरीने ओरडायला तोंड उघडलं. तिच्याजवळ आवाजच उरला नव्हता.

दार हळूच उघडलं.