अर्धी बादली
इफ्तारला महल्ला शहरातल्या कापडगिरणीतली वाफ बंद झाली, की गार पडलेल्या नळात पाणी साचायचं. जेवून उठल्यावर वाफ सांभाळणारे बयूमीकाका आधी बारकी तोटी उघडून ते काढायचे आणि मगच वाफेचं मोठं चाक हळूहळू फिरवायचे. आज तोटीखाली बादली धरून त्यांची मदतनीस नगात बसली होती. नवा मुकादम मितवल्ली येताच तडकला, “काका, अजून खजूरच चघळताय काय? माझं कापड रंगात पडलंय. सोडा वाफ!” “पाणी थांबू दे, सोडतो.” मुकादम बादलीत डोकावला. अर्धीसुद्धा भरली नव्हती. “एवढ्याशा पाण्याला भ्यायचं? सरका!” म्हणत त्यानंच चाकाला हात घातला. नगातनं बादली त्याच्या पायांशी आणून ठेवली. “गेल्या रमजानात एवढंच साचलं होतं, भाऊ. वाफेनं ते घणासारखं हाणलं नि नळ फुटला. तुमच्या जागी माझा नवरा उभा होता.” मुकादमानं चाकावरचा हात काढला नि बादली तोटीखाली सरकवली.