बाहीचं बटण

भर वैशाखात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मुरलीधर घोंगडे रक्त तपासायला आले, तेव्हा दारावरचा शिपाई हसलाच. "काका, घामोळं उठेल हो!"

त्यांची बायको सिंधू, याच इस्पितळातली जुनी सिस्टर, जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण इथल्या शिकाऊ मुली अजून तिच्याच हातांनी रक्त काढत. शिकवणीचा व्हिडिओ लावून खास हातमोजे चढवले, की सिंधूच्या हातांची सवय मुलींच्या बोटांत कायमची उतरायची. त्या चित्रीकरणाला रोगी म्हणून मुरलीधरच बसले होते. सुई काढल्यावर सिंधूने सवयीने नवऱ्याची बाही खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावलं. तेही मुलींच्या बोटांत उतरलं. अर्ध्या बाहीच्या माणसाच्या उघड्या मनगटावरही त्या नसलेलं बटण लावायच्या आणि ओशाळायच्या.

मुरलीधरांचं बटण मात्र खरंच लागायचं. रक्ततपासणी हे नुसतं निमित्त.

आजची मुलगी नवीन होती. तिने अलगद सुई काढली, कापूस लावला आणि पुढचं नाव पुकारलं.

"बाही राहिली, बाळ."

"ते काढून टाकलंय काका. नव्या व्हिडिओत फालतू काही ठेवलं नाही." मग त्यांचा चेहरा पाहून ती वरमली. "थांबा, मी लावते."

तिने बटण लावलं. नीटच लावलं.

"झालं, काका."

"हो, झालं," मुरलीधर म्हणाले, आणि हात तसाच पुढे धरून बसून राहिले.