बापाचा व्हिसा

मस्कतच्या ज्युनिअर हॉकी लीगसाठी आपल्या संघात मुलं निवडताना गेल्या वर्षी प्रशिक्षक धनंजयने उजैरला मुद्दाम सोडलं होतं. त्याच्या अब्बांचा व्हिसा मार्चमध्ये संपत होता, आणि ऐन लीगमध्ये पोरगा रत्नागिरीला गेला तर काय करा? त्याऐवजी त्याने पहिल्या नंबरला एका बड्या इंजिनिअरचा मुलगा घेतला. तेलाचे भाव पडले आणि इंजिनिअरसाहेब डिसेंबरातच बाडबिस्तरा आवरून पुण्याला गेले. इकडे उजैरच्या अब्बांचा व्हिसा वाढला, आणि पोराने अकरा गोल ठोकले. त्यातले चार धनंजयच्याच संघावर!

"गाढव मी! पोराची स्टिक बघायची सोडून बापाचा व्हिसा बघत बसलो," असं वर्षभर चरफडून यंदा मस्कतच्या अझैबा भागात भरलेल्या निवडीच्या बैठकीत त्याने पहिलंच नाव उजैरचं घेतलं.

एकेक करत सगळी मुलं वाटली गेली. उरली फक्त रेवा, लीगमधली सर्वांत तेज गोलकीपर. धनंजयची मुलगी. स्वतःचं मूल स्वतःच्या संघात घ्यायचं नाही, असा नियमच होता.

"अरे, एवढी चांगली गोलकीपर कुणालाच नको?" तो भडकला.

दुसऱ्या संघाचा प्रशिक्षक हारूनने मान खाली घातली.


"धनंजयभाई, तुमचं कॉन्ट्रॅक्ट जानेवारीत संपतंय ना?"