पोटावरची खूण

अंग पुसताना सासूबाईंचा हात विशाखाच्या पोटावर थांबला. "टाक्यांची रेघ पुसट झालीय गं," त्या हळूच म्हणाल्या.

"माहीत आहे, आई."

जिन्यावरून पडून विशाखाच्या मज्जारज्जूला इजा झाली होती. तिथली सूज उतरवणारं आणि घट्ट झालेला व्रण विरघळवणारं औषध दर सोमवारी सलाइनमधून दिलं जायचं. दोन मात्रांनंतर तिच्या डाव्या पायाचा अंगठा हलला होता. पण कुठला व्रण घालवायचा आणि कुठला ठेवायचा, हे औषधाला कळत नव्हतं. सिझरचा व्रणही विरत चालला होता. नऊ वर्षांपूर्वी त्या सिझरने झालेली मुलगी तीनच तास जगली. विशाखा शुद्धीवर येण्याआधीच तिला पुरायला नेलं होतं.

"आजची मात्रा नको," विशाखा म्हणाली. "ही खूण गेली, की ती आली होती याला साक्ष काय उरली?"

सासूबाईंनी टॉवेल बाजूला ठेवला. "मी उरलेय ना. मांडीवर घेतलं होतं मी तिला. कानामागे तीळ होता. रोज देवाला एक फूल तिच्या नावाचं वाहते."

"नावाचं? नाव कुठे ठेवलं होतं?"

"मी मनात ठेवलं. चारुशीला. तुला त्रास नको, म्हणून घरात कुणी विषयच काढला नाही. चुकलंच आमचं."

सिस्टर सलाइन घेऊन आल्या. विशाखाने हात पुढे केला.

"लावा, सिस्टर. आणि आई, तुम्ही बसा इथं. केस कसे होते तिचे?"