शेजारची सही

वरचा मजला चढवायचा तर नगरपालिकेला शेजाऱ्यांची ना-हरकत हवी होती. मोरेश्वर नकाशा घेऊन एकट्या राहणाऱ्या द्वारकाकाकूंच्या ओट्यावर टेकला. गच्चीवरून अंगणात डोकावणाऱ्या त्याच्या पाहुण्यांना काकूंनी एकदा चांगलंच झापलं होतं, म्हणून तो आधीच म्हणाला, "तुमच्या बाजूला एकही खिडकी ठेवलेली नाही, काकू."

काकूंनी चष्मा लावून नकाशा न्याहाळला. "मग मी सही नाही करणार."

मोरेश्वरचा चेहरा उतरला. काकूंनी नकाशातल्या त्या कोऱ्या भिंतीवर बोट ठेवलं. "इथं खिडकी काढ. सकाळी उठलास की माझ्या दाराकडे बघत जा. एखाद्या दिवशी उघडलेलं दिसलं नाही, तर हाक मार."

त्यानं पेनानं तिथं चौकोन काढला.

"अजून जरा मोठी," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पेनासाठी हात पुढे केला.