माशांपाशी

"इथं बुटांचं दुकान होतं," आई म्हणाली. "आणि शेजारी ते लोकरवाले. गिऱ्हाईक आलं की आधी एक उसासा टाकायचे, मग भाव सांगायचे."

"आता तिथं चष्मे मिळतात, आई. चल."

"चालतेय ना. उडू का?"

सकाळपासून हेच चाललं होतं. मुलीने आईच्या घरातल्या खिडक्यांची मापं घेतली होती, कापडाचे रंग ठरवून ठेवले होते आणि दुपारच्या आत पडदे घेऊन घरी परतायचं होतं. आई मात्र प्रत्येक पाटीकडे बघून, तिथं पूर्वी काय होतं ते सांगत होती. कोपऱ्यावर तर ती थांबलीच.

"आणि ते हॉटेल! पायऱ्या चढून आत गेलं की समोर माशांची टाकी. खरेदी झाली की तिथं आइस्क्रीम. तुझ्या दादाचं नाक कायम त्या काचेला चिकटलेलं. वेटर रोज पुसायचा बिचारा."

"ते हॉटेल कधीच बंद झालं. मासेही मेले. पडदे घ्यायचेत ना आपल्याला?"

"मेले कशावरून?" आई म्हणाली. "कुणीतरी घरी नेले असतील."

मुलीने डोळे मिटले, श्वास सोडला आणि आईचा हात धरून तिला पडद्यांच्या दुकानात नेलं.

दुकानदार चुण्यांसाठी दुप्पट कापड लागेल म्हणत होता. मुलीच्या हिशेबाने दीडपट पुरत होतं. तिने कागदावर आकृती काढून त्याला ते पटवून दिलं आणि विजयी मुद्रेने मागे वळली. आई नव्हती.

तिने फोन लावला. आईचा फोन तिच्याच पर्समध्ये वाजला. "जड होतो गं," म्हणून आईने सकाळीच तो तिच्याकडे दिला होता.

ती रस्त्यावर आली. आधी डावी बाजू, मग उजवी, एकही दुकान न वगळता. शोधायची हीच पद्धत बरोबर होती, पण तिचा काही उपयोग होत नव्हता. राखाडी केस आणि निळी पिशवी. राखाडी केस पुष्कळ दिसले, पिशव्याही दिसल्या, दोन्ही एकत्र कुठे दिसेनात. दुसरी फेरीही वाया गेली तेव्हा तिने दादाला फोन केला.

"हरवली?" तो ओरडलाच. "तरी सांगत होतो तुला! त्या दिवशी गॅस चालू राहिला, आज हे. आणि तू तिला पडदे घेऊन देतेयस! कुठल्या घराला? रविवारी येतो आणि तिला इकडे घेऊन येतो. आता पुरे झालं तिचं एकटीने राहणं."

कालच ती त्याच्याशी याच गोष्टीवरून भांडली होती. आईला सगळं नीट कळतं, ती तिच्या घरी मजेत आहे, असं तिने ठणकावून सांगितलं होतं. आता मात्र "सापडली की कळवते," म्हणून तिने फोन ठेवला.

ती वैतागून पुन्हा कोपऱ्यावर आली. तिथं एटीएम होतं आणि बाहेर पायऱ्यांपर्यंत रांग. पायऱ्या तेवढ्या जुन्या होत्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. उघड्या दारातून रांगेतल्या कुणाचातरी आवाज आला.

"मावशी, तुम्ही रांगेत आहात ना?"

"नाही हो," हा आवाज ओळखीचा होता. "तुम्ही व्हा पुढे. माझी मुलगी हरवलीये. येईलच एवढ्यात."

आई आत कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून उभी होती. निळी पिशवी दोन्ही हातांनी धरलेली. मुलीला बघताच तिचा चेहरा आधी सैल पडला आणि लगेच रागावला.

"होतीस कुठं? पाय दुखायला लागले माझे."

"मी? आई, अख्खा रस्ता पालथा घातला मी! तू सांगून का नाही गेलीस?"

"सांगितलं की! समोर बटणं बघून येते म्हटलं. तू त्या माणसाला गणित शिकवत होतीस. परत आले तर दुकानात तू नाहीस. मग इथं आले."

"इथं का?"

"इथं का म्हणजे?" आई आता खरंच चिडली. "लहानपणापासून काय सांगितलंय तुम्हाला? चुकामूक झाली की माशांपाशी येऊन थांबायचं. दोघींनी एकमेकींना शोधत फिरलं तर भेट कशी होणार?"

मुलगी काही बोलायच्या आत तिचा फोन वाजला.

"सापडली का?" दादाने विचारलं.

तिने आईकडे पाहिलं. आई कोपऱ्यातून बाजूला होऊन कुणालातरी पुढे जायला वाट देत होती.

"आई जागेवरच होती, दादा. हरवले होते मी."

तो वैतागून म्हणाला,

"अगं मग सरळ माशांपाशी जाऊन थांबायचं ना!"