भिंतीवरचं नाव

भिंतीवर तिचं नाव होतं.

वैजयंती बाकावरून उठून जवळ गेली. चौकट नवी, काच लख्ख पुसलेली. आत तिचंच नर्सिंगचं नोंदणीपत्र, तिचाच फोटो आणि खाली नूतनीकरणाचा ताजा शिक्का. वर्षभर डॉक्टर हरीओम फोनवर एकच सांगत आला होता, "मुंबईहून अजून आलं नाही, सिस्टर."

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिनं केलेला नूतनीकरणाचा अर्ज परत आला होता. जुन्या कागदावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. "माझा माणूस मुंबईला जातो, द्या माझ्याकडे," हरीओम म्हणाला होता, आणि तिनं विश्वासानं अस्सल कागद त्याच्या हाती ठेवले होते. लायसन्स नाही म्हणून केनवडच्या दवाखान्यातली जागा हातची गेली. आज ती स्वतःच विचारायला शेलूबाजारला त्याच्या दवाखान्यात आली होती.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आरडाओरडा झाला. एक शेतकरी डॉक्टरला दंडाला धरून बाहेर ओढत होता.

"माह्या मायचा हात काळा पडला! कोनं टोचलं तिले? कोनं?"

"जगदेव, आधी हात सोड," डॉक्टर म्हणाला. "आपल्या सिस्टर शिकलेल्या आहेत. सरकारी अनुभव आहे त्यांना. हे बघ." त्यानं भिंतीकडे बोट केलं. "वैजयंती सिस्टर. त्यांनीच सलाईन लावलं. काही चूक झाली असेल तर विचारतो मी त्यांना."

चौकटीखाली वैजयंती उभी होती. डॉक्टरचं बोट हळूहळू खाली आलं.

"विचारा," ती म्हणाली.

तो काही बोलायच्या आत ती खोलीत शिरली. खाटेवर म्हातारी गोजराबाई कण्हत पडली होती. हात कोपरापर्यंत सुजून निळाकाळा झाला होता, वर फोड आले होते, आणि सलाईन अजून चालूच होतं. सुई शिरेबाहेर जाऊन औषध मांसात उतरत होतं. वैजयंतीनं ते बंद केलं, सुई काढली आणि म्हातारीचा हात उशीवर उंच ठेवला.

खाटेपाशी पांढऱ्या कोटात एक बाई भिंतीला चिकटून उभी होती. बेबीबाई. वर्षापूर्वी वैजयंती कागद द्यायला आली तेव्हा ती इथली फरशी पुसत होती.

"तू टोचलं?"

"साह्यबानं सांगतलं, बाई. कोट घाल म्हने, पाहून पाहून जमते. मी नाई म्हनलं तं म्हने, मंग घरी बस."

जगदेव हात उगारून बेबीबाईवर धावला. वैजयंती मधे आली.

"तिले कायले मारता? तिच्या हाती सुई कोनं देली ते इचारा!"

डॉक्टरनं दार लोटून घेतलं. आवाज खाली आणला. "सिस्टर, समजून घ्या. चौकशी लागली तर कागद तुमचा आहे. लायसन्स तुमचंच जाईल. माझं काय, मी उद्या दुसरी नर्स आणीन."

वैजयंती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"त्या कागदासाठी म्या काय केलं, माहीत हाये तुमाले? उपकेंद्राच्या दाराले कडी नोती. रातच्याले दारुडे दार ढकलत, आन मी आतून बाज लावून बसत होती. संडास नोता, पानी नोतं. पोटात पोर अस्ताना लसीचा डबा खांद्याले लावून तांड्यातांड्यानं फिरली. ते पोर वाटेतच गेलं. सुट्टी मागतली तं साह्यब म्हने, मोहीम हाये, मंग पाहू. ते मंग कदी आलंच नाई. तरी एका बाईले हयगयीनं सुई लावली नाई म्या. आन तुमी माह्यं नाव भिंतीले ठोकून लोकायच्या माया मारून राह्यले?"

डॉक्टर लगबगीनं बाहेर गेला. चौकट काढून घेऊन आला आणि तिच्या हाती दिली. "हे घ्या. घरी न्या. उद्यापासून कुठंही कामाला लागा. विषय संपवा."

ज्यासाठी ती वर्षभर फोन करत होती ते हातात होतं. क्षणभर तिनं फोटोकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन चौकट पुन्हा त्याच खिळ्याला अडकवली.

"पोलीस येईस्तोवर इथंच राहू द्या. जगदेवभाऊ, मोबाइलमदी फोटू काढा. चौकटीचा काढा आन डॉक्टरचाबी काढा."

"सिस्टर, तुमचंच नुकसान होईल."

"होऊ द्या."

जगदेवनं फोटो काढले आणि रस्त्यावरची जीप थांबवली. म्हातारीला मागच्या सीटवर टेकवून बसवलं. वैजयंती तिच्या बाजूला बसली आणि सुजलेला हात आपल्या हातांनी उंच धरला. बेबीबाई धावत आली. कोट तिनं बाकावरच टाकला होता. "मीबी येते. काय झालं ते पोलिसायले मीच सांगन," म्हणत ती पुढे बसली.

जीप वाशिमच्या सरकारी दवाखान्याच्या रस्त्याला लागली. गोजराबाई वैजयंतीच्या हातांकडे बघत होती.

"बाई, तू तं कापून राह्यली. भेव वाटते का तुले?"

"नाई, माय. राग हाये."

"आजचा?"

जीप खड्ड्यात आदळली. वैजयंतीनं म्हातारीचा हात सावरून आणखी वर घेतला.

"नाई," ती म्हणाली. "लय वर्साचा."